खोकला कापू की ठेवू? भोपाळच्या साक्षी आणि संकलनाच्या टेबलावरचे आठ महिने

कात्रीवाली (इंदूर)

नमस्कार मंडळी. लिहू की नको असं महिनाभर चाललं होतं, आज बसलेच.

मी माहितीपटांचं संकलन करते. सुरुवात लग्नाच्या व्हिडिओंपासून केली, मग शेती-पाण्यावरच्या छोट्या फिल्म केल्या. गेले आठ महिने भोपाळ वायुकांडावरच्या एका माहितीपटावर काम करतेय. दिग्दर्शक, निर्माते बाहेरचे आहेत, नावं लिहीत नाही. माझ्याकडे आलेल्या हार्ड डिस्कवर साक्षींचं ६२ तासांचं चित्रीकरण आहे. त्यातून फिल्म व्हायची आहे ७५ मिनिटांची.

घटना आपल्या सगळ्यांना माहीत आहे, पण इथे तरुण मुलंही वाचतात म्हणून थोडक्यात सांगते. २ डिसेंबर १९८४ ची रात्र. युनियन कार्बाइडच्या कारखान्यातल्या ई-६१० नावाच्या टाकीत पाणी शिरलं आणि सुमारे ४० टन मिथाइल आयसोसायनेट हा विषारी वायू झोपलेल्या शहरावर पसरला. टाकी थंड ठेवणारी यंत्रणा बंद होती. वायू जाळून टाकणारा मनोरा दुरुस्तीसाठी जोडणीतून काढलेला होता. मृत्यूंचा सरकारी आकडा आधी २,२५९ होता, नंतर ३,७८७ झाला. बाधितांच्या संघटना याच्या कितीतरी पट सांगतात. २००६ च्या सरकारी प्रतिज्ञापत्रात इजा झालेल्यांचा आकडा ५,५८,१२५ आहे. ७ जून २०१० ला निकाल लागला तेव्हा दोषींना दोन वर्षांची शिक्षा झाली आणि लगेच जामीनही.

आता माझं. साक्ष देणाऱ्या बहुतेक जणी साठी-सत्तरीच्या आहेत. बोलता बोलता त्यांना खोकला येतो. पहिल्याच बैठकीत दिग्दर्शक म्हणाले, "खाँसी साफ कर दीजिए, बात समझ में आनी चाहिए." म्हणून मी खोकला कापते. कापायचा म्हणजे काय, तर आवाजाच्या आलेखात तो टोकदार उंचवटा शोधायचा, आधीच्या ओढलेल्या श्वासापासून शेवटच्या घरघरीपर्यंत तुकडा काढायचा आणि उरलेल्या फटीत त्याच खोलीतली शांतता भरायची. (चित्रीकरण संपताना रिकाम्या खोलीचा अर्धा-एक मिनिट आवाज घेऊन ठेवतात, तो इथे कामी येतो.) मग चित्र उडी मारतं, म्हणून वर हातांचा नाहीतर भिंतीवरच्या घड्याळाचा शॉट टाकायचा. हे कुणाला कळणार नाही असं जमेपर्यंत एकेक खोकला दहा-बारा वेळा ऐकावा लागतो, तोही हेडफोन लावून. एका आजींच्या ४० मिनिटांच्या मुलाखतीतून मी ३१ खोकले काढले. ते सगळे एका वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवलेत. डिलीट करायला हात धजत नाही.

गेल्या महिन्यात एका रविवारी सासूबाई कढीला फोडणी देत होत्या. सुक्या लाल मिरच्या जरा जास्त झाल्या आणि घरभर ठसका गेला. सगळ्यांना खोकला, माझ्या सहा वर्षांच्या मुलीलाही. पुढचं मला नीट आठवत नाही. मी बेसिनखाली ओढणी भिजवली, तिच्या तोंडावर दाबली आणि तिला उचलून अनवाणी जिना उतरून लोकमान्य नगरातल्या आमच्या गल्लीत येऊन उभी राहिले. मुलगी रडत होती ती मी ओढणी घट्ट दाबली म्हणून. मी धावले कारण माझ्याकडच्या ६२ तासांत एक वाक्य पुन्हा पुन्हा येतं: "ऐसा लगा जैसे किसी ने मिर्ची जला दी हो." सासूबाई गॅस बंद करून हातात पळी घेऊनच खाली आल्या. काही बोलल्या नाहीत. माझ्या चपला तेवढ्या घेऊन आल्या होत्या.

पण त्यापेक्षा मोठं ओझं दुसरंच आहे आणि ते मला घरात सांगता येत नाही. एका बाईंनी चार मुलांबद्दल सांगितलं आहे, एकेका मुलाचं वेगळं. कोण कुठे झोपला होता, कुणाला काय आवडायचं. फिल्ममध्ये जागा दोघांपुरतीच आहे. कुठली दोन मुलं राहतील आणि कुठली जातील हे मी एका मंगळवारी दुपारी, शेजारी चहाचा कप ठेवून ठरवलं. बघून, ऐकून होणाऱ्या त्रासाबद्दल लोक बोलतात. हे कापण्याचं कुणी बोलताना मी ऐकलेलं नाही.

दोन गोष्टी विचारायच्या आहेत. खोकला कापावा का? आणि या क्षेत्रातले लोक, किंवा ज्यांना रोज दुसऱ्याचं असं दुःख ऐकावं लागतं ते, घरी गेल्यावर काय करतात?

---

होळकरवाडा

फोडणीचं वाचून पोटात कालवलं. सविस्तर नंतर लिहितो. आज काम बंद करा ताई आणि मुलीजवळ बसा.

---

पिपलानीकर

ताई, मी १९८४ मध्ये भोपाळला होतो. वडील भेल या सरकारी कंपनीत, आम्ही पिपलानीच्या क्वार्टरमध्ये, मी नववीत. कारखाना शहराच्या दुसऱ्या अंगाला. शहरातल्या ५६ पैकी ३६ वॉर्ड बाधित ठरले, आमचा त्यात नव्हता. आम्हाला काहीही झालं नाही. सकाळी उठलो तर रस्त्यावर शहराकडून चालत आलेली माणसं बसलेली, डोळे सुजून मिटलेले. आई बादलीत पाणी आणि जुन्या धोतराचे तुकडे घेऊन फाटकाशी उभी होती. एवढंच माझ्या वाट्याला आलं आणि तेही मला ४१ वर्षं पुरलं आहे. म्हणून तुम्ही "मला तर काहीच झालं नाही, मग मला का त्रास व्हावा" असं स्वतःला विचारत असाल, तर ते विचारू नका. मी खूप वर्षं विचारलं, हाती काही लागलं नाही.

पुढे कॉलेजात असताना बाहेरून येणाऱ्या कॅमेरावाल्यांना जयप्रकाश नगर, काझी कॅम्प अशा कारखान्याजवळच्या वस्त्यांत घेऊन जायचं काम मी काही वर्षं केलं. कारखान्यासमोरच्या आई-मुलाच्या पुतळ्यापाशी गाडी उभी राहायची. (तो पुतळा १९८५ साली रूथ वॉटरमन या डच शिल्पकर्तीने केला. तिचे आईवडील हिटलरच्या काळातल्या ज्यू-संहारातून वाचलेले होते.) मग घराघरांत शिरून पहिला प्रश्न ठरलेला: "उस रात का बताइए." दर नोव्हेंबरच्या शेवटी हेच. मी पाहिलंय, त्याच बाई दुसऱ्या वर्षी त्याच शब्दांत, त्याच ठिकाणी थांबून सांगायच्या. खोटं म्हणून नाही. तीच जखम इतक्या वेळा उघडायची तर हात ठरलेल्या वाटेनेच जातो. त्यांना त्याचे पैसे मिळत नव्हते, औषध मिळत नव्हतं आणि पुष्कळदा ती फिल्मही कधी बघायला मिळत नव्हती.

आणि खोकला? तो दर वेळी वेगळ्या जागी यायचा. सांगणं पाठ झालेलं असायचं, खोकला कधीच पाठ झाला नाही.

रागावू नका, पण तुमच्या दोन्ही प्रश्नांत एक माणूस दिसत नाही. खोकला ज्यांचा आहे त्यांना विचारलंत का?

---

मनोमन

मी इंदुरात समुपदेशक आहे, पंधरा वर्षं झाली.

कात्रीवाली ताई, तुम्हाला होतंय ते मनाचा कच्चेपणा नव्हे. दुसऱ्यावर गुदरलेलं सतत ऐकून-पाहून ऐकणाऱ्यातही तीच लक्षणं उतरतात, याला १९९० पासून मानसशास्त्रात स्वतंत्र नाव आहे. अमेरिकेत तयार झालेली आणि जगभर वापरली जाणारी निदानपुस्तिका, डीएसएम-५, २०१३ साली आली. तिच्यात म्हटलंय की टीव्हीवर, पडद्यावर पाहिलेल्या गोष्टी आघात म्हणून धरायच्या नाहीत, अपवाद फक्त कामाचा भाग म्हणून पाहाव्या लागणाऱ्यांचा. तुम्ही त्या अपवादात मोडता.

आणखी एक. वृत्तकक्षात बसून हिंसक चित्रफिती तपासणाऱ्या पत्रकारांचा एक अभ्यास २०१४ मध्ये आला होता. एकूण किती तास पाहिलं यापेक्षा किती वारंवार पाहावं लागतं याचा त्रासाशी जास्त संबंध दिसला. तुमचा एकेक खोकला दहा-बारा वेळा, हे वाचताना मला तेच आठवलं.

करता येण्यासारखं सांगते. पहिल्यांदा बघताना आवाज बंद ठेवा, दुसऱ्यांदा नुसता आवाज ऐका. दोन्ही एकत्र शेवटी. चेहरा दिसणारी खिडकी लहान करा. रात्री जेवणानंतर या फायलींना हात लावू नका. कामाची जागा आणि झोपायची जागा एक असेल तर काम संपल्यावर टेबलावर चादर घाला. हसू नका, उपयोग होतो. पण झोप सलग दोन-तीन आठवडे उडालेली असेल, किंवा मुलीला घेऊन पुन्हा तसं धावावंसं वाटलं, तर इथल्या सल्ल्यावर थांबू नका, प्रत्यक्ष डॉक्टरांना भेटा. १४४१६ हा टेली-मानसचा क्रमांक चोवीस तास चालू असतो, पैसे लागत नाहीत आणि मराठीतही बोलतात.

दोन मुलांबद्दल लिहिलंत, त्याला माझ्याकडे उपाय नाही. ते दिग्दर्शकांसोबत बसून ठरवायला हवं होतं, एकट्याने नाही.

---

रूमटोन (वडोदरा)

मी ध्वनिमुद्रण करतो, म्हणून आधी धंद्यातली गोष्ट. तुमचा आवाज लेपल माइकचा असणार. तो छातीवर लावलेला असतो, तोंडापासून वीतभर. खोकला त्यात खऱ्यापेक्षा कितीतरी मोठा येतो, छातीतली खरखरही येते. समोर खुर्चीत बसलेल्या माणसाला तो तसा ऐकू येत नाही. म्हणजे आठ महिने तुम्ही त्या आजींच्या छातीला कान लावून बसलात. इतक्या जवळून कुणाचा खोकला घरात आजारी माणसाची सेवा करणाराच ऐकतो. बूमचा, म्हणजे दांडीला लावून लांबून धरलेल्या माइकचा, ट्रॅक असेल तर संकलन त्याच्यावर करा, हेडफोन काढून स्पीकरवर ऐका. लेपल शेवटी मिक्सिंगला जोडता येतो.

आता मत. माझं मत कापावा असंच आहे आणि दिग्दर्शकांना मी दोष देणार नाही. खोकला ठेवला की प्रेक्षक त्या बाईंकडे रुग्ण म्हणून बघतो. त्याला दया येते आणि दया आली की ऐकणं बंद होतं. त्या साक्षीदार आहेत. टाकीबद्दल, दवाखान्याबद्दल, भरपाई म्हणून हातावर आलेल्या २५,००० रुपयांबद्दल त्या काय म्हणतात ते अखंड पोहोचलं पाहिजे. कोर्टाच्या कागदावर कुणी "(खोकला)" असं लिहीत नाही.

अगदी ठेवायचाच झाला तर कापण्याऐवजी आठ-दहा डेसिबलने खाली घ्या. असल्याचं कळेल, अंगावर येणार नाही.

---

पिपलानीकर

रूमटोन, कोर्टाच्या कागदावर लिहीत नाहीत हे खरं आहे. त्या कागदांनी भोपाळला काय दिलं तेही बघा.

---

शब्दशः (ग्वाल्हेर)

मी ध्वनिफिती ऐकून टंकलेखन करते. फाळणीत सिंधमधून ग्वाल्हेरला आलेल्या कुटुंबांच्या आठवणी दीड वर्ष टाइप केल्या. नियम असा की सांगणारा "मैं" म्हणाला की "मैं"च लिहायचं. दिवसभर "मैंने देखा", "मेरी बहन" असं लिहून संध्याकाळी भाजी घ्यायला गेले की भाजीवाल्याशी बोलताना क्षणभर आपण कोण तेच सुटायचं.

नंतर वाचनात आलं की दक्षिण आफ्रिकेत १९९६ पासून वर्णद्वेषी राजवटीतल्या अत्याचारांची चौकशी करणाऱ्या सत्य आणि सलोखा आयोगाच्या सुनावण्या झाल्या तेव्हा दुभाष्यांनाही प्रथमपुरुषातच बोलावं लागे. मारणाऱ्याचंही "मी" आणि मरणाऱ्याच्या आईचंही "मी", एकाच तोंडातून. त्या दुभाष्यांना पुढे फार सोसावं लागलं. हे वाचल्यावर मला एकदम मोकळं वाटलं होतं, का ते नीट सांगता येत नाही. कुणीतरी आपल्या जातीचं भेटल्यासारखं.

मी घरी आल्यावर आईला एक पान मोठ्याने वाचायला सांगायचे. कुठलंही, पंचांगसुद्धा. दुसऱ्याच्या आवाजात निरुपद्रवी शब्द ऐकले की कान धुतल्यासारखे व्हायचे.

---

सेक्टर_तीन

मी इंदूरजवळच्या पीथमपूरच्या औद्योगिक वसाहतीत नोकरीला आहे, राहायला इंदुरातच, राजेंद्र नगर. धाग्यात सगळे १९८४ बद्दल लिहितायत म्हणून लिहावंसं वाटलं. १ जानेवारी २०२५ च्या रात्री भोपाळच्या कारखान्यातला ३३७ टन विषारी कचरा १२ कंटेनरमध्ये भरून निघाला आणि २ तारखेला पहाटे जाळण्यासाठी आमच्याकडे पीथमपूरला पोहोचला. ३ तारखेला पीथमपूर बंद होतं. दोन माणसांनी स्वतःला पेटवून घेतलं, त्यांना उपचाराला इंदुरात आणलं. कचरा जाळायच्या जागेशेजारच्या तारपुरा गावातली माणसं नातेवाइकांकडे जायला निघाली होती. पुढे न्यायालयाच्या देखरेखीखाली टप्प्याटप्प्याने जाळत जून अखेरीस तो संपवला. राख उरली आहे.

जाळताना सगळं प्रमाणात होतं असं मोजून सांगितलं गेलं. मी यंत्रावर काम करणारा माणूस आहे, मोजमापावर माझा विश्वास आहे. तरी माझी आई त्या सहा महिन्यांत रोज रात्री खिडक्यांच्या कड्या तपासून झोपायची, इंदुरात, तीसेक किलोमीटरवर. तुमची मुलगी आणि ओढणी वाचताना मला तीच दिसली. ताई, तुम्ही घाबरलात त्याला फक्त फिल्म कारण नसेल.

---

कात्रीवाली (इंदूर)

सगळ्यांचे प्रतिसाद दोनदा वाचले. आभार कसे मानू कळत नाही. टेबलावर चादर घालायला लागले आहे, सासूबाईंची जुनी सुती साडी. हेडफोन काढले. बूमचा ट्रॅक होता! आठ महिन्यांत कधी उघडलाच नव्हता. त्याच्यावर आजी खुर्चीतल्या आजीसारख्या वाटतात.

रूमटोन, तुमचं "रुग्ण नव्हे, साक्षीदार" हे मला पटलं, म्हणूनच अडचण वाढली आहे. खोकला हाही पुरावाच ना? टाकीत काय होतं ते कागदावर आहे. ४१ वर्षांनी फुप्फुसात काय आहे ते फक्त तिथेच ऐकू येतं.

पिपलानीकर काका, तुमचा प्रश्न बोचला आणि खरा आहे. विचारलेलं नाही. संकलकाने कधी कुणाला भेटायचं नसतं असंच मी शिकले. दिग्दर्शकांना फोन केला. आधी नको म्हणाले, मग "रफ कट दिखा सकती हो, वादा कुछ मत करना" असं म्हणाले. पुढच्या आठवड्यात जातेय.

---

होळकरवाडा

एकट्या जाऊ नका. घरचं कुणी बरोबर न्या.

---

कात्रीवाली (इंदूर)

तीन आठवडे झाले, लिहायला उशीर झाला.

सासूबाई बरोबर आल्या. मी म्हटलं नव्हतं, त्यांनीच डबा भरला. देवास, सोनकच्छ, आष्टा, सिहोर, चार तास गाडीत त्या माझ्याशी कढी सोडून सगळ्या विषयांवर बोलल्या.

आजींचं घर एका खोलीचं आहे. पडद्यावर आठ महिने पाहिलेली भिंत समोर आली आणि मला ते घड्याळ दिसलं, ज्याचा शॉट मी एकोणीस वेळा वापरला आहे. ते बंद आहे. माझ्या कधी लक्षातच आलं नव्हतं, कारण माझे सगळे शॉट तीन सेकंदांचे.

लॅपटॉपवर त्यांना दोन्ही दाखवले. आधी साफ केलेला. त्या लक्ष देऊन बघत होत्या आणि बघता बघता खऱ्या खोकल्या, पडद्यावरच्या खोकला नसलेल्या वाक्यावर. मग दुसरा, खोकल्यासकट. मी विचारलं, कौन सा रखें? मला वाटलं होतं काहीतरी जड उत्तर येईल.

त्या म्हणाल्या, "खाँसी का क्या है, रखो या हटाओ. पर वो जो मैंने बहू के बारे में बोला, वो काट दो. वो अब मेरा बहुत करती है."

मला ते वाक्य आठवावं लागलं. ३३ व्या मिनिटाला, औषधांबद्दल सांगताना ओघात आलेलं, सून दवाखान्यात सोबत येत नाही म्हणून. मुलाखत दोन वर्षांपूर्वीची. आम्ही त्या वाक्याला फार महत्त्व दिलं होतं, एकाकीपण दाखवायला चांगलं म्हणून. सून तेव्हा मागे स्टोव्हपाशी चहा करत होती. तिनेही ऐकलं असणार.

दुसऱ्या बाईंकडेही गेलो, चार मुलांच्या. त्यांना मी सांगितलं की फिल्ममध्ये दोघंच आहेत. किती वेळ त्या काही बोलल्या नाहीत. मग त्यांनी माझ्या सासूबाईंना फिल्ममधून गळलेल्या दोघांचं सांगितलं, मला नाही. सासूबाई मराठीतच "हो, हो गं बाई" म्हणत होत्या. मी कॅमेरा नेला नव्हता. परत येताना आष्ट्यापर्यंत दोघी गप्प होतो.

खोकल्याचं अजून पूर्ण ठरलेलं नाही. दिग्दर्शक सात ठेवायला तयार आहेत, खाली घेऊन, रूमटोन म्हणाले तसे. मी अकरा मागितले आहेत. घड्याळाचा शॉट आता एकदाच आहे, पूर्ण चौदा सेकंदांचा, बंद काटे दिसतील इतका.

सुनेबद्दलचं वाक्य काल कापलं.

---

शब्दशः (ग्वाल्हेर)

त्या दोघांची नावं सासूबाईंना आठवतात का?

---

कात्रीवाली (इंदूर)

हो. आज सकाळी त्यांनी कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूला लिहून ठेवली आहेत. स्पेलिंग बरोबर आहे का ते मला विचारत होत्या.